मी धरलेल्या काचा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे, आणि मला उचलण्याआधी तुम्ही माझी गोष्ट पूर्ण ऐकून घ्यावी अशी माझी विनंती आहे. आधी उचललंत आणि मग ऐकलीत, तर उशीर झालेला असेल. किती उशीर झाला हे तुम्हांला साधारण दोन वर्षांनी कळेल.

मी घाबरवत नाहीये. फक्त कळवतो आहे.

माझा जन्म भिलाईच्या हथखोजला, कारखान्यांच्या वस्तीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मालाचे गठ्ठे बांधायला लोखंडाची पातळ, लवचिक पट्टी वापरतात. गठ्ठा सुटला की पट्टी कापून कोपऱ्यात फेकतात. मी तशाच एका पट्टीचा तुकडा. कोपऱ्यात पडून मी शांतपणे गंजत होतो. मला आयुष्यात कुणी व्हायचं नव्हतं.

त्या शेडमध्ये चंपतराव काम करायचे. पस्तीस वर्षं ते स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये फिटर होते. रिटायर झाल्यावर तीन दिवस घरी बसले. चौथ्या दिवशी त्यांनी रुआबांधा वस्तीतल्या आपल्या घराच्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या काढल्या आणि परत बसवल्या. पाचव्या दिवशी बायकोने डबा भरून हातात दिला आणि त्यांना हथखोजला रवाना केलं.

त्यांची मुलगी सत्यशीला इथल्याच विद्यापीठात भौतिकशास्त्रात संशोधन करत होती. एका दुपारी ती शेडमध्ये आली.

"बाबा, आमच्या लॅबमधला चिमटा गेला."

"गेला म्हंजे? मेला?"

"रायपूरले गेला. शिल्पा दीदीच्या पर्समंधी होता. तिचं लग्न झालं."

"मंग नवा घ्या ना."

"फाईल लावली हाये. चौदा महिने झाले."

चंपतरावांनी हातातली कानस खाली ठेवली. चिमट्यासाठी फाईल, ती चौदा महिने, हे त्यांना सोसलं नसावं. "राहू दे तुमची फाईल," ते म्हणाले. "मीच करून देतो."

त्यांनी कोपऱ्यात हात घातला आणि मीच लागलो. त्यांनी माझे दोन भाग केले, मागून वेल्डिंगने जोडले, पुढून वाकवले आणि कानशीने टोकं अशी बारीक केली की मी मुंगीचा पायही धरला असता. मग मला मुलीच्या तळहातावर ठेवलं.

"घे. प्लांटच्या पट्टीचा हाये. तुह्या नातवापर्यंत टिकन."

मित्रांनो, एका अर्थाने ते खरं ठरलं. मी टिकतोच. मी जिथे जातो तिथे थोडा मागे टिकून राहतो.

लॅब दुसऱ्या मजल्यावर होती. तिच्या तिन्ही खिडक्यांच्या फटींवर टेप लावली होती, कारण भिलाईच्या हवेत काळी-लाल धूळ असते आणि ती न विचारता आत येते. टेप लावल्यावर ती टेपेवरून येऊ लागली. आत झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्म बनवायचं काम चालायचं. किती पातळ? केसाच्या जाडीचे तीनशे भाग करा आणि त्यातला एक घ्या. पद्धत साधी होती. नखाएवढी चौकोनी काच धुवायची, फिरत्या चकतीवर ठेवायची, झिंकच्या द्रावणाचा थेंब टाकायचा. चकती गरगर फिरते, थेंब पसरतो. मग काच गरम प्लेटवर सुकवायची, पुन्हा चकतीवर न्यायची, पुन्हा थेंब. असे दहा थर झाले की काच भट्टीत. बाहेर येते तेव्हा काचेवर काही आहे हेही दिसत नाही. ते आहे असं सिद्ध करायला पुढची पाच वर्षं लागतात.

चकतीवरून प्लेटवर आणि प्लेटवरून चकतीवर काच न्यायची कुणी? मी. दहा थरांना वीस वेळा, आणि दर वेळी एकाच कोपऱ्यात धरून, कारण बाकीची फिल्म स्वच्छ राहायला हवी.

आता ही लॅब शोधत काय होती ते ऐका. सत्यशीलाचे मार्गदर्शक सुशील सर यांचं म्हणणं होतं की या फिल्ममध्ये ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहू दिल्या, तर ती चुंबकासारखी वागू लागेल. त्यात लोखंडाचा एक कणही नको. सर हे दर सोमवारी फळ्यावर लिहायचे आणि खाली दोन रेघा मारायचे. त्यांना लोखंड नसलेला चुंबक हवा होता. भिलाईत.

आणि त्यासाठी त्यांनी मला कामावर ठेवलं होतं.

पहिली काच धरली तेव्हाच मला ते जाणवलं. काच गरम होती, मी घट्ट मिटलो, आणि टोकाचं काहीतरी सुटून तिकडे गेलं. धुळीच्या कणापेक्षाही लहान. दुखलं नाही. मला वाटलं, असंच असतं काम.

दर रविवारी सत्यशीला मला कंपासपेटीत घालून घरी आणायची. टोक बोथट झालं की काच निसटते. चंपतराव चहा घेत घेत मला कानशीने घासायचे, मग पॉलिश पेपरने, मग स्वतःच्या लुंगीला पुसायचे. त्यामुळे सोमवारी मी ताजा असायचो. सोमवारी माझं जास्त सुटायचं.

चुंबकत्व मोजायचं यंत्र इथे नव्हतं. ते दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या संस्थेत होतं. तिथे फिल्मचा तांदळाएवढा तुकडा कुरियरने पाठवायचा. कोणता तुकडा? मधला भाग सुंदर असतो, तो इथल्या प्रकाशाच्या मोजमापांना हवा. कोपरा चिमट्याने धरून धरून खराब झालेला, तो इथे काही कामाचा नाही. म्हणून कोपरा पाठवायचा. या लॅबमध्ये असंच चालत आलं होतं आणि सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटायचं.

पहिला निकाल आला त्या दिवशी सरांनी ईमेल मोठ्याने वाचला, मग हळू वाचला, मग चष्मा पुसून वाचला.

"सत्यशीला, आलंय. चुंबकत्व आलंय! क्षीण आहे, पण आहे!"

पेढे वाटले गेले. मग थर वाढवून पाहिले. पाच थरांची फिल्म थोडी चुंबक, दहाची जास्त, वीसची त्याहून जास्त. आलेख काढला तर रेघ सरळ. इतकी सरळ रेघ या लॅबमध्ये याआधी फक्त पट्टीने निघाली होती. सर्वांत जोरदार निघाली सतरा नंबरची काच. ती तीनदा जमिनीवर पडली होती आणि तीनदा मी उचलली होती. सरांच्या असंही लक्षात आलं की सोमवारच्या फिल्म जास्त चांगल्या येतात. तेव्हापासून महत्त्वाच्या फिल्म सोमवारीच करायच्या असा नियम झाला. कारण कुणी विचारलं नाही. निकाल चांगला येत असला की कारण विचारायला माणसं कंटाळतात.

तो आलेख झिंकचा नव्हता, मित्रांनो. तो माझा होता. मी किती वेळा धरलं, एवढंच त्यात लिहिलं होतं.

इकडे चंपतराव अख्ख्या रुआबांध्यात सांगत फिरले. दूधवाल्यालासुद्धा. "पोरीच्या संशोधनात चिमटा माह्या हातचा हाये बरं का." दूधवाला म्हणाला, "बने हे बबा." म्हणजे छान आहे, बाबा. तेवढं त्यांना महिनाभर पुरलं. लेख एका नियतकालिकाने स्वीकारला. सत्यशीलाच्या प्रबंधाची पाच प्रकरणं होती आणि त्यांतली तीन माझ्यावर उभी होती. मी मात्र दर सोमवारी थोडा थोडा कमी होत होतो.

मग रीना आली.

रीना दुर्गच्या मोहन नगरची, सत्यशीलापेक्षा दोन वर्षांनी मागे. सत्यशीलाच्या फिल्म तिने पुन्हा बनवून दाखवायच्या, एवढंच तिचं काम. सत्यशीला मला कुणाला देत नसे. "बाबांचा हाये, हरवशील," म्हणायची. आणि फाईल अजून चालूच होती. मग रीनाने भाचीच्या डॉक्टर-डॉक्टर खेळण्यातला गुलाबी प्लास्टिकचा चिमटा आणला. त्याच्यावर सशाचं तोंड होतं. गरम काचेला लावला तर वितळेल, म्हणून ती दर वेळी काच थंड होईपर्यंत थांबायची. मी त्या सशाला हसलो. आज हसत नाही.

रीनाच्या फिल्ममध्ये चुंबकत्व आलं नाही. पाच थरांचं नाही, दहाचं नाही, वीसचंही नाही. अकरा फिल्म गेल्या आणि अकरांचं उत्तर शून्य आलं.

"खेळण्यातल्या चिमट्याने पीएचडी होत नसते," सर म्हणाले. "हात नीट नाही तुझा. सत्यशीलाचं होतं, तुझंच का होत नाही?"

ती गेल्यावर ते सत्यशीलाला म्हणाले, "पुढच्या गुरुवारी प्रगती तपासणारी समिती बसतेय. मला तिच्या कागदावर 'असमाधानकारक' लिहावं लागेल. फेलोशिप थांबेल. माझा नाइलाज आहे."

रीना सिंकपाशी काचा धूत होती. दार उघडंच होतं.

"दीदी," ती म्हणाली, "मी सेम टू सेम करून राहिली. तुमच्या नोंदींची कॉपी सामने रखके. टाईम, टेम्परेचर, सबकुछ. आता का तुमचा हात कापून लावू मले?"

"वेडी का? माह्या हातात का हाये?"

"तेच त मी विचारून राहिली. हाये का?"

सत्यशीला हसली. मग तिचं हसू मधेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी ती रीनाच्या शेजारी उभी राहिली आणि दोघींनी एकाच द्रावणातून, एकाच चकतीवर, एकाच भट्टीत दोन फिल्म केल्या. एकीने सशाने, दुसरीने माझ्याने. मग दोन्ही काचा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. मधला भाग दोन्हींचा सारखा होता. रीनाचा कोपरा स्वच्छ होता. सत्यशीलाच्या कोपऱ्यात राखाडी ओरखडे होते, एकावर एक, वीस.

तिने डोळा वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. अडीच वर्षं मी तिच्या बोटांत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मला हात जोडावेसे वाटले. पण माझे ते जन्मापासून जोडलेलेच आहेत, त्यामुळे कुणाला फरक कळला नाही.

तिने तीन कोऱ्या काचा घेतल्या. त्यांवर ना थेंब टाकला, ना फिल्म चढवली. पहिली तशीच ठेवली. दुसरी सशाने वीस वेळा उचलली. तिसरी माझ्याने वीस वेळा. तिन्हींचे कोपरे कापून डबीत भरले आणि पाठवले. उत्तर बुधवारी येणार होतं. समिती गुरुवारी.

ते दिवस लॅबमध्ये कुणी माझं नाव काढलं नाही. मी ड्रॉवरमध्ये होतो. वरून रीनाच्या चकतीचा आवाज यायचा. ती अजून फिल्म करत होती. शून्यात आणखी एक शून्य मिळवत होती. भट्टी तापायची, थंड व्हायची. खिडकीपलीकडे प्लांटच्या चिमण्या रोजच्यासारख्या उभ्या होत्या आणि मला सारखं वाटत होतं की त्या माझ्याकडेच बघताहेत. नात्याने त्या माझ्या आत्या लागतात.

बुधवारी दुपारी उत्तर आलं. पहिली काच शून्य. दुसरी शून्य. तिसरी चुंबक. दहा थरांच्या फिल्मएवढीच.

सत्यशीला कागद घेऊन सरांच्या खोलीत गेली. मी तिच्या दुसऱ्या हातात होतो.

सरांनी आकडे पाहिले. "वा! कोणती फिल्म ही? किती थर?"

"फिल्म नाही, सर. कोरी काच आहे."

"कोरी?"

"कोरी."

सरांनी कागद पुन्हा वाचला. "कोऱ्या काचेत चुंबकत्व! यावर वेगळा पेपर होईल."

मित्रांनो, मी खोटं सांगत नाही. ते वाक्य पूर्ण झालं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरून रंग उतरू लागला. आधी कपाळावरचा, मग गालांवरचा. सत्यशीलाने मला टेबलावर ठेवलं. टक असा आवाज झाला.

"हा आहे, सर. जिथे धरला तिथे लोखंड सोडतो. आपण नेमका तोच कोपरा पाठवत आलो."

मग सर हळू आवाजात म्हणाले, "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. रीनाला. आता तुम्हांला."

"तुझा प्रबंध पंधरा दिवसांत जमा होतोय. लेख छापायला गेलाय. चिमटा बदलून टाकू. इथून पुढे सगळं नीट करू. उद्या रीनाच्या कागदावर सही झाली की..."

"झाली की ती घरी जाईल, सर. तिच्या अकराही फिल्म बरोबर होत्या. आपल्याकडे बरोबर तेवढ्याच होत्या."

"तुझी पाच वर्षं जातील, कळतंय का?"

"कळतं." तिने मला सरांच्या पुढ्यात सरकवलं. "तिच्या कागदावर 'असमाधानकारक' लिहायचं असेल तर माझ्याही लिहा. त्याच पेनाने लिहा."

सर उठून खिडकीपाशी गेले. टेपेवर धूळ बसली होती. त्यांनी ती बोटाने पुसली आणि बोटाकडे पाहत राहिले. त्यांचे वडील प्लांटमध्ये ऑफिसर होते. लहानपणापासून ही धूळ त्यांनी उशीवरून झटकली होती. तिच्या मधोमध बसून ते लोखंड नसलेली वस्तू शोधत होते, हे बहुधा त्यांना तेव्हा दिसलं.

गुरुवारी समितीपुढे सुशील सरांनी दोन्ही चिमटे ठेवले. ससा पाहून एक सदस्य हसले. काचांचे आकडे पाहून हसू थांबलं. रीना राहिली. लेख मागे घेतला गेला. सत्यशीलाच्या प्रबंधातली तीन प्रकरणं काढली आणि त्यांच्या जागी एकच आलं, चिमट्याने नमुना कसा बिघडतो यावर. त्याला आणखी दीड वर्ष लागलं.

पण मला सर्वांत भीती वाटत होती ती रविवारची.

चंपतराव कानस घेऊन बसले होते. चहा शेजारी. "आण इकडे, टोक काढून देतो."

"बाबा, राहू द्या." सत्यशीलाने सगळं सांगितलं. काहीही न लपवता, हळूहळू, जमिनीकडे बघत. शेवटी म्हणाली, "तुमचा दोष नाही. पण सगळं यानेच झालं."

चंपतरावांनी मला हातात घेतलं. उलटवलं, पालटवलं. मग उठले, खिळ्यांच्या डब्यातून जुन्या स्पीकरचा चुंबक आणला आणि माझ्याजवळ धरला. मी उडी मारून त्याला चिकटलो. मला आवरता आलं नाही.

"लोखंड हाये," ते म्हणाले. "चिकटनच. अन् घासलं त झडनच. मी दर इतवारी घासून राहिलो, माही लुंगी काळी होऊन राहिली, तुही माय बोंबलून राहिली. हे मले पहिल्याच दिवशी विचारलं असतं त मी उभ्या उभ्या सांगतलं असतं."

"मग सांगितलं कावून नाही?"

"मले का मालूम तुमी चुंबक शोधून राहिले? मले वाटे काचेवर रंग लावून राहिली." ते चहा प्यायले. तो थंड झाला होता. "अडीच वर्ष तू म्हने, बाबा, टोक काढून द्या. एक दिवस म्हनली नाही, बाबा, आमी हे करून राहिलो."

त्यांनी मला चुंबकापासून सोडवलं. सोडवताना टोकाचा काळा भुगा चुंबकाला लागून राहिला. दोघंही बापलेक त्या भुग्याकडे बघत बसले. तीन प्रकरणं होती ती. चिमूटभरही भरली नसती.

त्यानंतर मला कुणी घासलं नाही. सत्यशीलाने मला प्लास्टिकच्या डबीत घालून लॅबच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि वर चिठ्ठी डकवली: "लोखंडी आहे. फिल्मला लावू नये. विचारायचं असल्यास मला किंवा माझ्या बाबांना विचारा." खाली चंपतरावांचा फोन नंबर. तिला पदवी मिळाली, ती दुसऱ्या गावी गेली. रीनाही तिचं काम पुरं करून गेली. तिने जाताना ससा सोबत नेला. भाची अजून मागत होती.

मी धरलेल्या काचा एकूण एकशे बारा. त्यांतल्या चौदा नमुना म्हणून इकडच्यातिकडच्या लॅबना गेल्या होत्या. पत्रं पाठवली. नऊ परत आल्या. पाच अजून कुठेतरी आहेत. तिथे कुणीतरी पेढे वाटत असेल.

मित्रांनो, वस्तू जपून ठेवा, गंजू देऊ नका, असं माझ्या जातीच्या वस्तू शेवटी सांगतात. मी ते सांगणार नाही. मला खुशाल गंजू द्या. मी एवढंच मागतो की हातात काहीही घ्याल तेव्हा ते कशाचं आहे हे आधी विचारा, आणि ज्याने ते बनवलं त्याला एकदा सांगा की तुम्ही त्याने काय करता आहात. तो माणूस बहुतेक जवळच चहा पीत बसलेला असतो.

हे मी आजच सांगतो आहे, त्याला कारण आहे. मागच्या पावसाळ्यात या ड्रॉवरमध्ये ओल आली आणि चिठ्ठीचा गोंद सुटला. चिठ्ठी ड्रॉवरच्या मागे पडली आहे. आज सकाळी नवी मुलगी आली, करिष्मा. तिने काचा धुतल्या, चकती पुसली, सोबतच्या खुशबूला विचारलं, "चिमटा कुठाय ग?"

"नया आएगा," खुशबू म्हणाली. "फाईल लगी है."

वरचा ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मग मधला.

आता खालचा उघडतो आहे. माझ्यावर उजेड पडला आहे. कुणीतरी तिला सांगा.